चौथा पट्टा

समुद्रावरून वारा चढत होता. अंगणातल्या गरम पाण्याच्या टबावर नवं झाकण बसलं होतं आणि चारपैकी तीन पट्ट्यांना कुलपं लागली होती. चौथ्याचा जुना स्क्रू खाऱ्या हवेने गंजलेला होता. मिस्त्रीकाका काढू लागले तसा तो आतच तुटला.

“राहू द्या काका, तीन पुरे झाले,” रांगत्या लेकीला कडेवर उचलत आई म्हणाली. “वादळ येतंय. उरलेलं उद्या करा.”

मिस्त्रीकाकांनी लेकीची बाहुली त्या मोकळ्या कोपऱ्याला टेकवून ठेवली. वाऱ्याने झाकण वीतभर उचललं आणि बाहुली आत घसरली.

“आता सांग पोरी, उद्या येऊ?”

ड्रिल त्यांच्या हातात देऊन, नवं भोक पडेपर्यंत आई कोपरा दाबून उभी राहिली.