कुंदनच्या नावानं फर्माईश

कुंदन मसराम मेला आणि आर्वीकरांना एकदम साक्षात्कार झाला, की आपल्या गावात एक रॉकस्टार राहत होता. जिवंत होता तोवर तो नुसता झिपऱ्या होता. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय!

श्रद्धांजलीचा कार्यक्रम ठेवला भूपेंद्रनं. कुंदन आठ वर्षं त्याच्याच ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत होता. स्टेजमागं कुंदनचा काळ्या गॉगलमधला मोठा फोटो होता, आणि लोक म्हणत होते, काय स्टाईल! त्याच्या धाकट्या बहिणीला, सोनमला, तो फोटो पाहवत नव्हता. काविळीनं भावाचे डोळे पिवळेजर्द झालेले, पण भूपेंद्रला लग्नसराई सोडवेना, म्हणून त्यानंच तो गॉगल कुंदनच्या नाकावर चढवला होता. पंधरवड्यात कुंदन गेला.

सोनमनं एकच अट घातली होती. कुंदनचं स्वतःचं गाणं झालं पाहिजे, आणि ते आईनं ऐकलं पाहिजे.

ते गाणं मुळात आईचंच. धुरपताबाई मोह वेचताना गोंडीत गुणगुणायची. कुंदन नागपूरला कॉलेजात गेला, उसन्या गिटारवर बोटं सोलून घेतली, आणि पंच्याण्णव साली त्यानं ते गाणं असं काही कडाडून वाजवलं, की गॅदरिंगमधली पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. ड्रमवर निकेश होता. पहिलं बक्षीस मिळालं. मग निकेशच्या बापानं त्याला सिंदी मेघेच्या हार्डवेअरच्या दुकानात बसवलं आणि बँड संपला. कुंदन पोटासाठी भूपेंद्रकडे आला.

"तुह्यं ते जंगलातलं गाणं नको, भाऊ. पब्लिक फिल्मी मांगते," भूपेंद्र म्हणायचा. "पुढच्या गणपतीत पाहू." दर गणपतीला धुरपताबाई एसटीनं यायची, पुढं बसायची आणि पोराला हिरोंच्या गाण्यांमागं वाजवताना पाहून परत जायची. गाणं काही व्हायचं नाही.

आजही भूपेंद्रनं ते शेवटी ठेवलं. त्याआधी भाषणं झाली. मग फर्माईशीच्या चिठ्ठ्या वर येऊ लागल्या. ऑर्केस्ट्रा म्हटला की चिठ्ठी पाठवायची, ही गावाची सवय. दुखवटा असला म्हणून ती सुटते थोडीच! 'कुंदनभाऊंच्या आठवणीत, हरिदास पानवाल्याकडून', आणि गाणं कुठलं, तर कमरा हलवायचं. शिट्ट्या पडल्या. सोनमच्या अंगाची लाही झाली, पण ती दात-ओठ खात थांबली. आईसाठी थांबली.

अखेर तिचं नाव पुकारलं. निकेश मुद्दाम आला होता, तो ड्रमवर बसला. सोनमनं पहिली ओळ उचलली. खाली धुरपताबाईनं पदर तोंडाशी नेला. तिनं गाणं ओळखलं होतं. पोरानं आपलं गाणं एवढं मोठं केलं होतं, हे तिला आज कळत होतं.

दुसरं कडवं सुरू झालं आणि पुढच्या सोफ्यावरून प्रमुख पाहुण्यांची, पुंडलिकरावांची चिठ्ठी आली. पाहुण्यांना निघायचं होतं. निघण्याआधी त्यांना एक लावणी हवी होती. भूपेंद्रनं सोनमच्या हातातला माईक हसत काढून घेतला. "बहिणीनं भावाले खूप छान श्रद्धांजली देल्ली. जोरदार टाळ्या!" टाळ्या पडल्यासुद्धा. निकेशनं काड्या आपटून ठेवल्या.

सोनम खाली उतरली. भूपेंद्र तिच्यामागून आला आणि धुरपताबाईसमोर हात जोडून उभा राहिला.

"राग नोका मानू, मावशी. का करू? पब्लिकचं मन मोडता येत नाई."

धुरपताबाई उठली. लेकीचा हात धरला आणि त्याच्याकडे पाहत म्हणाली, "माह्या पोराचं बरं मोडता आलं तुले. आठ वर्सं."