चार नंबरची रीना

सोमारीबाईने सांगावे आणि गावाने ऐकावे, असे गेली कित्येक वर्षे चालत आले होते. तिचा नवरा गावाचा गायता, देवाचा पुजारी होता. त्याच्यामागे देवाचे करणे मुलाकडे, कोलूकडे आले. दिवस ठरवायची मात्र सोमारीच. म्हणून मरका पंडुम, म्हणजे नव्या आंब्याचा सण, यंदा रीना घरी आल्यावरच होईल असे तिने जाहीर केले, तेव्हा कोणी उलट बोलले नाही. पंडुम झाल्याखेरीज नवा आंबा तोंडात घालायचा नाही, ही पोंभुर्ण्याकडच्या जंगलातल्या गावांची रीत. गाव थांबले.

रीना कोलूची मुलगी. देशातल्या सर्वांत वरच्या महिला फुटबॉल लीगसाठी एका दूरच्या शहराच्या संघाने तिला घेतले होते. अशा मुलीच्या हातून यंदाचा पहिला आंबा देवापुढे जावा, एवढेच सोमारीचे म्हणणे होते.

सामने पाहायचे ते पाण्याच्या टाकीखालच्या ओट्यावर, कारण रेंज तिथेच मिळे. किराणा दुकानवाला लोकेश आपला मोबाईल विटेला टेकवून ठेवी. त्याचा स्पीकर केव्हाच बिघडलेला, चित्रही अडखळत चालायचे. पहिल्याच सामन्यात सोमारीने बोट दाखवले होते. "ते पाहा. चार नंबर, दोन वेण्या. आपली रीना."

जिल्ह्याच्या संघात रीनाचा नंबर चारच होता. लोकेशने काही बोलायला तोंड उघडले, सोमारीकडे पाहिले आणि मिटले.

मग हंगामभर गाव चार नंबरला पाहत राहिले. ती आडवी पडून चेंडू अडवी, आणि तरी संघ हरे. फोनवर सोमारी नातीला विचारत नसे, सांगत असे. "काल तू केवढ्यानं पडली. लागलं नाई ना?"

पलीकडून रीना म्हणे, "नाई, आजी."

इकडे कैऱ्या मोठ्या झाल्या, झाडाखाली गळू लागल्या. शेजारचा पत्रू एकदा ओट्यावर सर्वांदेखत बोललाच, "बाई, माकडं पंडुम करून मोकळे झाले. आमीच उपाशी राह्यलो."

"माकडाले गायता नसते, पत्रू," सोमारी म्हणाली. ओटा हसला. पत्रूही हसला.

शेवटच्या सामन्याचा दिवस आला. हरले तर संघ खालच्या लीगमध्ये जाणार, बरोबरी झाली तरी वाचणार. सोमारी सर्वांत पुढे बसली होती. तिच्या हिशेबाने संघ वाचला तर रीना मान वर करून गावात येणार होती, आणि आपण गावाला इतके थांबवले ते सार्थकी लागणार होते.

खेळ निम्मा झाला असेल. पोंभुर्ण्याहून आलेली काळी-पिवळी जीप टाकीजवळ थांबली. पाठीवर बॅग घेतलेली एक मुलगी उतरली आणि एक पाय ओढत ओट्याकडे आली.

सोमारीने तिच्याकडे पाहिले. मग मोबाईलकडे पाहिले. तिथे चार नंबर धावत होती.

"गुडघा गेला, आजी," रीना म्हणाली. "लीग सुरू व्हायच्या आधीच, प्रॅक्टिसमध्ये. एकबी मॅच खेळली नाई मी. आता त्याईनं घरी पाठवलं."

"मंग फोनवर सांगितलं काऊन नाई?"

"तू विचारलंच नाई. तूच सांगत होती मले, मी कशी खेळली ते."

सोमारीने मान वळवून ओट्यावरच्या माणसांकडे पाहिले. लोकेश खाली पाहत होता. पत्रू तंबाखू मळत होता. कोलूने पोरीची बॅग उतरवून घेतली. आश्चर्य एकाच्याही चेहऱ्यावर नव्हते.

तिला राग यायला हवा होता. तो कुठे आहे हे तिने आत चाचपून पाहिले. काही हाती लागले नाही.

"आई," कोलू हळूच म्हणाला, "पंडुमाचं आता काय करायचं?"

"मॅच संपू दे."

रीना तिच्या शेजारी बसली, दुखरा पाय लांब करून. दोघी पाहत राहिल्या. अखेरीस एक गोल झाला, तो समोरच्या संघाचा. शिट्टी ऐकू आली नाही. खेळाडू थांबले, त्यावरून संपल्याचे कळले. चार नंबर गवतावर बसली आणि तिने तोंड झाकले.

"कोण आहे थे?"

"लिंथोई. मणिपूरची. माह्याच खोलीत राहत होती."

"चांगली खेळते."

"हो, आजी."

सोमारी गुडघ्यावर हात टेकून उठली. "उद्या पंडुम," तिने सांगितले, आणि गावाने ऐकले.

दुसऱ्या दिवशी रीनाने लंगडत जाऊन देवापुढे आंबा ठेवला. कोलूने तो चिरला, पळसाच्या पानावर फोडी वाटल्या. इतक्या उशिराचा आंबा. कच्चेपण सरले होते आणि पाडही नीट लागला नव्हता. सगळे सोमारीच्या तोंडाकडे पाहत होते, कारण तिने गिळल्याशिवाय कोणी खायचे नव्हते. ती बराच वेळ चावत राहिली.

"आंबट लागते का गोड, बाई?" पत्रूने विचारले.

"आंबा आहे," सोमारी म्हणाली. "खा."