डावीकडे लावलेली पदकं

बाबा गेल्याच्या चौदाव्या दिवशी सकाळी दहा वाजता आमचा मिरजेतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट पाण्याखाली गेला. चूक माझी होती. माजी नौसैनिकांच्या शोकसभेला बाबांची पदकं लावून जायचं होतं. ज्याची पदकं असतात तो ती छातीवर डावीकडे लावतो. त्याच्यामागे घरच्यांनी लावायची ती उजवीकडे. हे बाबांनीच मला शिकवलं होतं. पण मी साडी नेसले होते, पदर डाव्या खांद्यावर होता आणि पिन नेहमी लागते तिथेच मी ती लावली. चारही पदकं.

फ्लॅट सावकाश उतरला. गॅसवरचा चहा हिंदकळलासुद्धा नाही. स्वयंपाकघराची खिडकी आधी हिरवी झाली, मग काळसर. एक मासा काचेपाशी येऊन थांबला.

"हलवा," आई म्हणाली. "एवढा मोठा मिरजेत मिळत नाही."

मी पदकं काढायला गेले, तर पिन उघडेना. तेवढ्यात बाथरूममधून एक तरुण बाहेर आला. अंगात नौदलाचा गणवेश, पाय अनवाणी. त्यानं मला सलाम ठोकला, साहेब म्हटलं आणि आपण बावीस मीटर खाली आलो आहोत असं सांगितलं. आईनं त्याला लगेच ओळखलं. बाबांच्या पाणबुडीवरचा खवणेकर, वेंगुर्ल्याचा. एकाहत्तरच्या युद्धात तो गेला तेव्हा त्याच्या घरी पत्र आईनंच लिहिलं होतं. चहा घेणार का, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, वहिनी, मला आता लागत नाही, आणि जरा हळू बोला. खाली असताना हळू बोलायचं असतं.

चारातलं मोठं पदक कशाबद्दल होतं ते बाबांनी कधीच सांगितलं नव्हतं. मानपत्रात 'असामान्य धैर्य' एवढंच होतं. मी खवणेकरला विचारलं. त्यानं हवामानाचा अंदाज द्यावा तसं सांगितलं. डोक्यावर शत्रूची बोट घिरट्या घालत होती. पाणबुडी तळाला टेकवून बाबा एकतीस तास गप्प बसले. वर आले असते तर सगळेच गेले असते. हवा संपत आली तेव्हा खवणेकरची छाती कफानं भरली होती.

"साहेबांनी विचारलं, खवणेकर, किती वेळ काढशील? मी म्हटलं, साहेब काढतील तेवढा."

"मग?"

"मग काय, साहेबांनी जास्त काढला."

एक्कावन्न मीटरवर फ्लॅट तळाला टेकला. मऊ आवाज झाला, आणि बेडरूममध्ये बाबा खोकले.

आईनं कप खाली ठेवला. आमच्या पॅसेजमधून बेडरूमचं दार नऊ पावलांवर आहे. आता ते पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसत होतं. दार उघडलं आणि चपलांचा आवाज सुरू झाला, एक पाय जरा घासत टाकलेला. मी पॅसेजमध्ये शिरले. जितकी पावलं मी टाकली तितकी त्यांच्यापुढे वाढली. मी मागे आले. यायचं ते त्यांनीच.

"चपला घालून येतायत," आई म्हणाली. "तेराव्याला दान दिलेल्या पोचल्या बघ."

खवणेकर भिंतीला कान लावून पावलं मोजत होता. साहेबांना इथं यायला चाळीस मिनिटं लागतील, तो म्हणाला. मग त्यानं बाबांच्या फोटोपुढच्या निरांजनाकडे पाहिलं. ज्योत बारीक झाली आणि विझली. त्यानं काडी ओढली. नुसता धूर निघाला. वहिनींना दम्यामुळे हवा वीसच मिनिटं पुरेल, तो म्हणाला. वर जायचा हुकूम डावीकडे पदकं असलेल्यानंच द्यायचा असतो. वर गेलो की पॅसेज पुन्हा नऊ पावलांचा होईल, आणि त्यात कोणी नसेल.

मला बाबांना एकच गोष्ट विचारायची होती. खवणेकर वाचणार नाही हे एकतीसपैकी कितव्या तासाला त्यांना कळलं.

"आई, तुझा पंप?"

"परवाच संपला." ती पॅसेजच्या तोंडाशी मांडी घालून बसली होती. "वर नेऊ नकोस, वसू. येतायत ते."

मी म्हटलं, त्यांना यायला चाळीस मिनिटं आहेत. ती म्हणाली, पन्नास वर्षं त्यांची वाट बघण्यातच गेली, मला हिशेब शिकवू नकोस.

दहा मिनिटं गेली. माझं कपाळ ठणकायला लागलं. आईची नखं निळी झाली. तिनं सरकून शेजारी एका माणसापुरती जागा केली.

पंधरा मिनिटं झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती एक श्वास घेते आणि पुढचा घेतच नाही, गाळते. मी तिच्याजवळ बसले आणि असं का करतेस, असं विचारलं. बोलायला तिला वेळ लागला.

"मधला त्यांच्यासाठी ठेवतेय. आल्या आल्या लागेल."

पावलं जवळ आली होती. चामड्याची करकर ऐकू येत होती. आईनं डोळे मिटले होते. खवणेकर माझ्यासमोर ताठ उभा राहिला.

"साहेब, हुकूम?"

आईनं श्वास सोडला. पुढची पाळी बाबांची होती.