शहात्तरच्या वरची डोकी

मित्रांनो, मी एक जुना कॅलिपर आहे. तुम्ही मला पाहिलेत तर सांडशीच म्हणाल, आणि त्यात तुमची चूक नाही. दोन वाकडे पोलादी पाय, वर एक बिजागरी, मध्ये मिलिमीटरच्या खुणांची पितळी पट्टी आणि पायांच्या टोकांना हरभऱ्याएवढे बोथट मणी. सांडशी पातेले धरते, मी माणसाचे डोके धरत असे. सांडशीमुळे निदान चार माणसांच्या पोटात घास जातो. माझ्यामुळे काय झाले ते आता ऐका.

माझा जन्म १९५० साली अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. ज्या कारागिराने मला घडवले त्याला माझा उपयोग ठाऊक नव्हता. शेजारचा त्याला म्हणाला, टरबुजे मोजायला असेल. तरी त्या भल्या माणसाने मला मन लावून घासले. माझे दोन मणी एकमेकांना टेकवले की पट्टीवर बरोबर शून्य दिसे. माझ्या पेटीत एक छापील कागद होता. त्यावर लिहिले होते की रोज सकाळी माप घेण्याआधी मणी टेकवून शून्य येते का ते पाहावे. एवढीच माझी जगाकडे मागणी होती. तो कागद कुणी वाचल्याचे मी बरीच वर्षे पाहिले नाही.

१९५५ साली मी जयपूरला आलो. सी-स्कीममध्ये एक सरकारी संशोधन कचेरी होती आणि तिथे डॉक्टर उमाकांत बिवलकर नावाचे साहेब होते. मूळचे पुण्याचे, बदलीवर आलेले, राहायला सिविल लाइन्समधल्या बंगल्यात. त्यांचा विषय होता माणसांचे वंश. कोण कोणत्या रक्ताचा आणि त्या रक्ताला काय जमते, हे ते डोक्याच्या आकारावरून सांगत. रीत सोपी होती. डोक्याच्या रुंदीला शंभराने गुणायचे आणि लांबीने भागायचे. उत्तर शहात्तरच्या खाली आले तर डोके लांब, वर आले तर गोल. साहेबांच्या मते लांब डोक्यांचे लोक शेतीत रमतात आणि गोल डोक्यांचे भटकतात. हे त्यांना कॉलेजात असताना कुठल्याशा जाड पुस्तकात सापडले होते. त्यानंतर त्यांनी आपल्या डोक्याला फारसा त्रास दिला नव्हता.

आता काम काय आले ते सांगतो. जयपूरच्या पूर्वेला कानोता गाव आहे. तिथे ढूंढ नदीच्या काठी सरकारची पडीक जमीन होती आणि जवळच तीस घरांची एक वस्ती होती. या लोकांच्या आज्या-पणज्यांची नावे इंग्रजांच्या काळात एका कायद्याने 'जन्माने चोर' म्हणून पोलिसांच्या वहीत चढवली गेली होती. इंग्रज गेले, तो कायदाही गेला, पण लोकांची नजर काही बदलली नाही. त्या तीस घरांनी अर्ज केला होता की ही जमीन आम्हाला कसायला द्या. वरच्या अधिकाऱ्यांना प्रश्न पडला की हे लोक शेतीत टिकतील का. शहाण्या माणसाने बी-बियाणे देऊन एक हंगाम वाट पाहिली असती. सरकारने मला पाठवले.

साहेबांनी आधी कानोत्याच्या जमीनदार शेतकऱ्यांची शंभर डोकी मोजली. तिथे चहा झाला, तीळगुळाची गजक झाली, पागोटी मानाने उतरवून मानाने परत ठेवली गेली. उत्तरे सगळी पंच्याहत्तरच्या आसपास आली. साहेब खूश झाले. शेतकऱ्यांची डोकी लांब असणार हे त्यांनी ठरवूनच ठेवले होते. वस्तीची मोजणी व्हायची होती, पण तिच्या कागदावर 'गोल' हा मथळा त्यांनी आदल्या आठवड्यातच लिहिला होता. आधी कळस, मग पाया. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी माझ्या अचूकपणाच्या तोऱ्यात होतो. म्हटले, मी खोटे दाखवणार नाही, मग कोण काय करील?

माझी घमेंड एका पातेल्याने उतरवली. त्या हिवाळ्यात एका रविवारी साहेब, त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाई आणि जयपुरातली तीन-चार मराठी कुटुंबे कचेरीच्या जीपमधून त्याच नदीकाठी सहलीला गेली. तीन दगडांच्या चुलीवर पंधरा माणसांची भरली वांगी रटरटत होती. उतरवायच्या वेळी लक्षात आले की सांडशी घरीच राहिली. रत्नप्रभाबाई पदराने धरायला निघाल्या. तेवढ्यात साहेब म्हणाले थांब, जीपमध्ये आहे माझ्याकडे, आणि त्यांनी मला पेटीतून काढले. माझ्या एका पायावर ते तापलेले पातेले तोलले गेले आणि पाय वाकला. वांगी वाचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात माझे कौतुक झाले ते तेवढेच. साहेबांनी मला दगडावर दोनदा ठोकले, एक डोळा मिटून पाहिले, "झालं सरळ," असे म्हटले आणि रस्सा पुसून पेटीत ठेवले. मणी टेकवले असते तर शून्याच्या जागी सहा दिसले असते. पण टेकवतो कोण?

पुढच्याच मंगळवारी आम्ही वस्तीवर गेलो. पटवाऱ्याने, म्हणजे तिथल्या तलाठ्याने, आधीच दवंडी दिली होती की जो डोके मोजून देणार नाही त्याचे नाव जमिनीच्या यादीतून कापले जाईल. याला साहेब 'लोकांचे सहकार्य' म्हणत. वहीत त्यांनी तसेच लिहिले. इथे चहा नव्हता. बायकांना पाच परक्या पुरुषांसमोर ओढणी डोक्यावरून खाली घ्यायला लावली. ज्या मुलखात सासऱ्यासमोर सुनेचा घुंगट हलत नाही, तिथे हे चालले होते. मी थंड पोलाद आहे, तरी मला लाज वाटली. साहेबांना वाटली नाही. ते आकडे सांगत होते आणि कारकून लिहीत होता.

त्या वस्तीत धापू नावाची एक बाई होती. चाळिशीची असेल. जमिनीचा अर्ज तिनेच शहरात जाऊन लिहून घेतला होता. तिचा नंबर लागला तेव्हा ती साहेबांना म्हणाली, "साब, पैली थांको माथो नापो." आधी तुमचे डोके मोजा, असे ती म्हणत होती. साहेब हसले. मोजणाऱ्याचे माप घेत नसतात, असे त्यांनी पटवाऱ्याकरवी तिला कळवले. मग तिने ओठ घट्ट मिटून ओढणी खाली घेतली.

धापूचे डोके लांबीला १८६ होते आणि रुंदीला १४०. मी त्याला टेकलो होतो, मला ठाऊक आहे. पण पट्टीवर दिसले १९२ आणि १४६. मित्रांनो, भागाकार तुम्हीच करून पाहा. पहिल्या जोडीचे उत्तर पंच्याहत्तर आणि वर थोडे येते. दुसऱ्या जोडीचे शहात्तर ओलांडते. दोन्ही मापांत सहा-सहा वाढले की डोके कागदावर गोल होते. शेतकऱ्यांची डोकी मोजली तेव्हा माझा पाय सरळ होता, वस्तीची मोजली तेव्हा वाकडा. दोन वंशांमधला फरक म्हणतात तो एवढाच होता.

साहेबांचे हे भागाकार कोण करत असे? रत्नप्रभाबाई. त्या गणितात पदवीधर होत्या. त्यांचे नाव अहवालात कुठे नव्हते, पण जेवणाच्या टेबलावर शेकडो आकडे त्याच उतरवत. त्यांना खटकले की वस्तीतले एकही डोके मोजणीत लहान येत नाही. त्यांनी तारखा पाहिल्या आणि त्यांना ते पातेले आठवले. मग त्यांनी पेटीतला कागद वाचला, माझे मणी टेकवले, आणि सहा पाहिले. तो कागद वाचणारे पहिले माणूस त्या. पण त्यांचे फार कौतुक करू नका. या अहवालावर नवऱ्याची बढती अवलंबून होती, म्हणून त्या चार दिवस गप्प बसल्या. तेवढ्यात अहवाल टाइप झाला.

पाचव्या दिवशी सकाळी साहेब वर्तमानपत्र वाचत असताना त्यांनी मागून येऊन मला साहेबांच्या डोक्याला लावले. १९४ आणि १४८. त्यांनी तिथेच भागाकार केला.

"अहो, तुमचं डोकं धापूच्या रकान्यात येतं," त्या म्हणाल्या.

साहेबांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. "त्याचा पाय वाकलाय त्या पातेल्याने. सहा वजा कर."

म्हणजे त्यांना ठाऊक होते! रत्नप्रभाबाईंनी सहा वजा केले. साहेबांचे डोके साडेपंच्याहत्तरवर आले, लांब आणि कुलीन.

"मग त्यांच्या मापांतूनही सहा वजा करते," त्या म्हणाल्या.

"त्यांचं टाइप झालंय."

"तीस घरांच्या जमिनीचा प्रश्न आहे."

"मतलब, निष्कर्ष तोच राहणार आहे. मोजायच्या आधीपासून मला माहीत होतं," साहेब म्हणाले आणि त्यांनी पुन्हा वर्तमानपत्र उचलले.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण मी अनेकदा ऐकली होती. ती वजाबाकीतही चालते हे त्या दिवशी कळले. अहवाल गेला, अर्ज नामंजूर झाला आणि साहेबांना बढती मिळाली.

रत्नप्रभाबाईंना ते सोसेना. एके दिवशी त्यांनी मला पिशवीत घातले, आग्रा रोडची बस धरली आणि वस्तीवर जाऊन धापूसमोर माझे मणी टेकवून दाखवले. हे वाकडे आहे, तुमची डोकी गोल नाहीत, मी वर पत्र लिहिते, असे त्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगत होत्या. त्यांना वाटले, धापू हात जोडील. मीही मनात म्हणत होतो की बघा, दोष माझ्या पायाचा; तो सरळ असता तर सगळे न्यायाने झाले असते.

धापूने मला हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि परत दिले. मग ती म्हणाली, "बाईसा, माथो गोळ होतो तो भूख कोनै लागती कांई?"

डोके खरेच गोल असते तर आम्हाला भूक लागली नसती का? रत्नप्रभाबाईंनी मला पिशवीत परत ठेवले. मी तर डोकी मोजण्यासाठीच जन्मलो होतो. मित्रांनो, त्या क्षणी मला माझी किळस आली. वाकलेला पाय ही माझी लहान चूक होती. सरळ पायाने मी जे करत होतो ते जास्त वाईट होते.

तरी बाईंनी पत्र लिहिले. सरकारने काय केले असेल? सरकारने नवा कॅलिपर मागवला! १९५८ च्या हिवाळ्यात वस्तीजवळ तंबू पडला. नवा भाऊ चकचकीत होता आणि त्याचे शून्य शून्यावर होते. तुलनेसाठी मलाही शेजारी मांडून ठेवले होते. तीसही घरांतली माणसे आली. पुरुषांची पागोटी डोक्यावर होती, बायकांच्या ओढण्या पुढे ओढलेल्या होत्या. कुणीही काही उतरवले नाही. पटवाऱ्याने यादीतून नाव कापायची धमकी पुन्हा दिली. धापू पुढे आली आणि शांतपणे म्हणाली, "जमीन थांकी, माथो म्हांको." जमीन तुमची, डोके आमचे. आणि सगळे जसे आले तसे परत गेले.

रागावण्याची वेळ त्या लोकांची होती, पण रागावले साहेब. त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिले, 'माप देण्यास नकार. स्वभाव संशयी व अस्थिर.' जमीन मिळाली नाहीच. होळीच्या सुमाराला पोलीस आले आणि नदीकाठची ती तीस घरेही उठवली. लोक भांडीकुंडी डोक्यावर घेऊन निघून गेले. कुठे गेले ते मला कुणी सांगितले नाही. साहेबांनी मात्र अहवालाच्या नव्या प्रतीत एक ओळ वाढवली: 'अपेक्षेप्रमाणे सदर लोक स्थलांतर करून गेले.' त्यानंतर रत्नप्रभाबाईंनी त्यांचा एकही भागाकार केला नाही. उशीर झाला होता, पण केला नाही.

आता १९६६ साल आहे. मी कचेरीतल्या कपाटात पडून आहे. बिवलकर साहेब दिल्लीला मोठ्या पदावर गेले. नवे साहेब परवा मला पाहून म्हणाले, चांगली वस्तू आहे, पाय सरळ करून घेऊ. ते ऐकून मी घाबरलो. अशा गोष्टींच्या शेवटी म्हातारी वस्तू सांगते की मला जपा, मला तेलपाणी करा. मी तसे सांगणार नाही. मला गंजू द्या. जपायचेच असेल तर स्वतःला जपा. कधी कुणी तुमच्यासमोर अशी पेटी उघडून 'जरा स्थिर बसा' म्हणाला, तर त्याने आधी काय ठरवून ठेवले आहे आणि त्या उत्तराचे तो काय करणार आहे, ते त्याला विचारा. तो ते सांगेपर्यंत टोपी काढू नका.