टाचेतली शक्ती

"आली! शक्ती आली!" देवळाच्या सभागृहात साठ माणसं तंगड्या झटकत ओरडत होती. सगळ्यात पुढं माझा भाऊ, यासुनोरी.

कुनिमत्सु गुरुजी त्यांच्या मांड्यांचे लाल पट्टे सोडवत फिरत होते. "रक्त अडवा, रक्त सोडा! एका बैठकीत टाचेमागची कंडरा पोलाद! जड वजनं उचलायला तुम्ही काय गाढवं आहात?"

रविवारी जत्रेत यासुनोरीला देवाच्या पालखीचा पुढचा दांडा धरायचा होता. "ताई, यंदा जोडीदार नको. एकटा पुरे आहे मी." मी शाळेत व्यायाम शिकवते. हे तपासून बघायचं मी ठरवलं.

शनिवारी मी शाळेच्या साठ खुर्च्या आणून मांडल्या. गुरुजींचं तोंड उतरलं. "शक्ती गुडघे टेकून बसलं तरच येते!"

"का हो? खुर्चीला घाबरते?"

लोक हसले आणि बसले. फक्त त्यांच्यातल्या उमे आजींना मी पट्ट्याशिवाय खाली ततामीच्या चटईवर पाय दुमडून बसवलं. गुरुजींनी बाकीच्यांना पट्टे बांधले, तासभर प्रवचन झालं. पट्टे इतके सैल की दोन बोटं आरामात जात होती. सुटले, तरी कुणालाच काही झालं नाही. आजी मात्र उठता उठता किंचाळल्या, "अगं बाई, आली!"

"आजी, मुंग्या आल्यात. गुरुजींसमोर पाय मोकळे करणं उद्धटपणा, म्हणून तुम्ही सगळे रोज तासभर पायांवर बसता. रक्त तिथंच अडतं."

"म्हणजे पट्टा खोटा?" कुणीतरी विचारलं.

"पट्ट्याचा व्यायाम खरा आहे. जाणकारानं दाब मोजून बांधायचा, हलकं वजन घ्यायचं, तीन महिने नेमानं. मग धडधाकट माणसाची कंडरा जड वजनानं जेवढी घट्ट होते, जवळजवळ तेवढीच यानंही होते. एका बैठकीत नाही."

तीन महिने म्हटल्यावर लोकांचे चेहरे पडले. गुरुजी मागच्या दारानं पसार झाले.

"तुला माझं बळ बघवत नाही," यासुनोरी म्हणाला.

रविवारी त्यानं जोडीदाराला हाकललं. पालखी उसळली, तसा फटकन आवाज झाला. तो मागं वळून ओरडला, "लाथ कुणी मारली रे?" मागं कुणीच नव्हतं. टाचेची कंडरा तुटली होती.

आता गाव म्हणतं, हिनं खुर्च्या आणल्या म्हणून देव कोपला. यासुनोरीही तेच म्हणतो, प्लास्टरातला पाय माझ्याच उशीवर ठेवून. म्हणू दे. पण तुम्हाला हात जोडून सांगते, कुणी शक्ती आली म्हणालं, तर आधी त्याला खुर्चीवर बसवून बघा.