माझं दोन मिलिमीटरचं तोंड

मी बुटक्या बोलतोय. कागदोपत्री माझं नाव दाबपात्र. पण ज्यांनी मला घडवलं त्या सोनाजींनी चिकलठाण्यातल्या लेथवरून उतरवतानाच मला बुटक्या म्हटलं, आणि तेच चिकटलं. वीतभर उंची, जाड पोलादी पोट, डोक्यावरच्या झाकणात पातळ चकती आणि कुशीत दोन मिलिमीटरचं भोक. एवढासा आहे, पण माझ्यापुढे भल्याभल्या रसायनांचं पितळ उघडं पडतं!

काही पावडरी दिसायला पिठासारख्या गरीब, पण तापल्या की भसाभस वायू सोडतात. आमच्या प्रयोगशाळेच्या सुकेशनीताई अशी दहा ग्रॅम पावडर माझ्या पोटात घालतात आणि खालून आच देतात. वायू भोकातून निघून गेला तर चकती टिकते. दाब आवरला नाही तर फुटते. मग ती पावडर तापट ठरते आणि तिच्या पिंपांवर तसं लेबल लागतं. ताईंचा भाऊ अंगद अशीच पिंपं ट्रकनं नेतो, म्हणून ताई इरेला पेटलेल्या.

त्यांचा हट्ट एकच: चाचणी कुणीही, कुठंही केली तरी उत्तर तेच आलं पाहिजे. शहरातल्या दुसऱ्या प्रयोगशाळेत माझा जुळा भाऊ आहे, सोनाजींच्याच हातचा. दसऱ्यानंतर ही पद्धत तपासायला समिती येणार होती. आम्हा भावांची उत्तरं जुळली तर पद्धत प्रमाण ठरणार. नाही जुळली तर ताईंची दोन वर्षं पाण्यात, आणि लेबलं पुन्हा अंदाजपंचे.

आणि मधेच आली खंडेनवमी, अवजारांच्या पूजेचा दिवस. सोनाजी आता ताईंच्याच हाताखाली होते. त्यांनी मला पुसलं, पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या. झेंडूच्या हारात मी अगदी नवरदेव! लाजलो, खरं सांगतो. पण झाकण उघडं होतं. एक तांदूळ पोटात पडला आणि आतून भोकात जाऊन बसला. मला कळलं हो, पण ज्याच्या तोंडातच दाणा अडकला त्यानं सांगायचं कसं?

समिती आली. प्रमुख नानासाहेब, कपाळावर कायमची आठी. भावाकडून फोन आला: चकती शाबूत. तीच पावडर माझ्या पोटात तापू लागली, वायूला वाट मिळेना, माझा जीव घुसमटला आणि चकती फाडकन फुटली.

"दोन भांडी, दोन उत्तरं. हिला चाचणी कसं म्हणायचं?" नानासाहेबांनी वही मिटली. ताईंचा चेहरा पडला.

सोनाजी गप्प बसले असते तर कुणाला काय कळणार होतं? पण ते टोपी काढून पुढं आले.

"सायेब, भांड्याची चूक नाय, ताईची बी नाय. नवमीला म्या झाकण न लावताच पूजा केली. एखादी अक्षत आत ऱ्हायली असंल."

मी थंड झाल्यावर ताईंनी भोकात सुई घातली. ट्रेमध्ये कोळसा झालेला तांदूळ पडला. नानासाहेबांनी चष्मा लावून तो निरखला आणि त्यांची आठी चक्क सुटली.

"पुन्हा करा," ते म्हणाले. "तीनदा."

तिन्ही वेळा चकती टिकली! तिसऱ्यांदा तर वायू सोडताना मी मस्त शिट्टी मारली.

सगळे गेल्यावर सोनाजी म्हणाले, "ताई, उद्यापासून मी येत नाय. लई मोठा घात झाला असता माझ्या हातून."

ताईंनी पद्धतीचा कागद त्यांच्यापुढे धरला. पहिल्या नियमाच्याही वर पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'चाचणीआधी भोकातून दोन मिलिमीटरची पिन आरपार गेली पाहिजे.'

"काका, हे माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. ती पिन तुम्हीच करा. दोन करा, दोघा भावांना."

सोनाजींनी डोळे पुसले आणि मोजपट्टी शोधायला लागले.

आता माझं पोट काळवंडलंय. यंदाच्या नवमीला सोनाजींनी झाकण घट्ट लावून बाहेरूनच कुंकू लावलं, मग हात जोडले आणि दुसऱ्या दिवशी चाचणीआधी पिन फिरवली. तुम्हालाही एवढंच सांगणं आहे. माझी पूजा खुशाल करा, मला आवडते. फक्त तोंड तेवढं मोकळं ठेवा.

आत्ताच अंगदचा ट्रक दारावरून गेला. पिंपं चांगली आवळून बांधलेली, वर ताडपत्री, आणि प्रत्येक पिंपावर लेबल. त्यावर जे लिहिलंय ना, ते मी सांगितलेलं आहे.