म्हातारपणाची साक्ष

गुंडूअण्णांनी तोंडातली कवळी काढली आणि रक्षिताच्या टेबलावर आपटली.

"हे बघ! अडुसष्टाव्या वर्षी सगळे दात जातात का माणसाचे?"

कवळी बाहेर असल्यामुळे अर्धे शब्द हवेतच विरले. राजाजीनगरच्या एका पुढाऱ्यानं सत्तरी ओलांडलेल्यांना बसचा फुकट पास जाहीर केला होता, आणि रक्षिता त्याच्या ऑफिसात बसायची. तिनं कवळीकडे न बघता आधार कार्ड परत सरकवलं.

"अंकल, कार्डावर अडुसष्टच आहे. दोन वर्षांनी या."

"अगं, बहात्तरचा आहे मी! शाळेत घालताना बाबांनी चार वर्षं कमी लावली."

"का बरं?"

"नोकरी चार वर्षं जास्त मिळावी म्हणून!"

"मग मिळाली ना?"

अण्णांनी कवळी परत तोंडात बसवली.

"सरी, ठीक आहे, असं करा," रक्षिताला स्वल्प दया आली. "गावच्या कुणा जुन्या माणसाची साक्ष मोबाइलवर घेऊन या. मग बघू."

दुसऱ्या दिवशी अण्णा बायकोला घेऊन आपल्या गावच्या, आनेकलच्या बसमध्ये बसले. बायकांना सरकारी बस फुकट, म्हणून वसुमती खिडकीशी राणीसारखी. अण्णांनी तिकीट काढलं ते दातओठ खात.

"माझ्याहून सहा वर्षांनी लहान तू, आणि फुकट! मी काय कॉलेजात जातोय? पास मिळू दे, दर शनिवारी गावाला येतो की नाही बघ!"

"गावात आहे कोण आता?"

"गाव आहे!" अण्णा असे ओरडले की बोम्मसंद्र्याला उतरणारा एक माणूस दचकून पुन्हा बसला.

आनेकलात ज्या ज्या दारात चौकशी केली, तिथला साक्षीदार हार घालून भिंतीवर. उरली होती एकटी सकवारबाई. नव्वदीच्या पुढची. लहानपणी अण्णांना हिनंच कडेवर मिरवलं होतं. वसुमतीनं मोबाइल धरला.

"सकवारक्का, मी गुंडू. सांग, मी सत्तरीच्या वर आहे."

म्हातारीनं डोळे बारीक केले. "सत्तर? मेल्या, नाक पुसता येत नाही अजून!"

"अगं अक्का, बहात्तर पूर्ण झाली!"

"खोटं बोलायला कुणी शिकवलं? सांगू आईला?"

आईला जाऊन तीस वर्षं झाली होती, तरी अण्णांचा हात नाकाकडे गेला.

म्हातारीनं त्यांच्या टकलावरून तळवा फिरवला. "केस का काढले रे? उवा झाल्या?"

वसुमतीच्या हातातला मोबाइल हसून हसून गदगदायला लागला. अण्णा काहीतरी तडकून बोलणार होते, पण म्हातारीचा हात डोक्यावरून निघेना, आणि अण्णांनीही मान हलवली नाही. मग तिनं उशाचा डबा ओढला, गुळाचा खडा त्यांच्या हातात ठेवला आणि एकेक बोट मिटवलं.

"रस्त्यात खायचा नाही. आधी आईला दाखव."

परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं अण्णांना निरखलं. "अज्जा, सीनियरची सवलत काय?"

"छे! फुल दे."

"अहो, आणि पास?" वसुमती म्हणाली.

"दोन वर्षांनी बघू."

तिनं हात पुढे केला. "बरं, गूळ तरी द्या थोडा."

अण्णांनी मूठ खिशात घातली.

"घरी गेल्यावर. आधी आईला दाखवायचाय."